पान उलटायची जागा

तात्या, तुमचा खोकला माझ्याकडं आहे.

म्हणजे फाइल आहे. लॅपटॉपवर 'कचरा' नावाचा फोल्डर आहे, त्यात तुमचा सगळा खोकला, खुर्चीचं कुरकुरणं, 'थांब, पाणी पितो', 'माई, कुकर बंद कर गं, पोरगी रेकॉर्डिंग करतीय' हे सगळं आहे. प्रत्येक भागातून मी हे कापायचे आणि तिथं टाकायचे. फेकायचे नाही. ही सवय बारामतीच्या डीटीपीच्या दुकानातली. गिऱ्हाईक आज लग्नपत्रिकेतून एका काकांचं नाव काढायला लावतं आणि उद्या येऊन म्हणतं परत घाला, भांडण मिटलं. म्हणून काढलेलं काहीच फेकायचं नाही. काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं, मी हेडफोन लावला आणि तो फोल्डर पहिल्यापासून ऐकला. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि काल मला तुम्ही सापडलात, तेही कचऱ्यात.

हे मी आपल्या चॅनेलवर टाकणार आहे, म्हणजे आपली मालिका ऐकणारे वाचतीलच. पण बोलतीय तुमच्याशी. भराभर टाइप करतीय, चुका झाल्या तर झाल्या. तुम्ही म्हणायचाच, 'पोरी, तुझी बोटं डोक्याच्या म्होरं पळत्यात. डोक्याला बी बस मिळू दे.'

निमगाव केतकीला माझ्या मामाचं सलून. सुट्टीत मी तिथं बाकड्यावर बसून राहायचे, कारण घरी पोरींना सारखी कामं सांगतात आणि सलूनमध्ये कुणी सांगत नाही. बाकड्याखाली गिऱ्हाइकांसाठी छोट्या पुस्तकांची चळत. कव्हरं गेलेली, आणि पानं उघडली की कुणाचे तरी बारीक केस मांडीवर पडायचे. तिथं मला बिनसावल्या भेटला. काळा कोट, पायात वहाणा, आणि कायम भर दुपारी बाराला हजर. बाकीच्या रहस्यकथांत सगळं रात्री, धुक्यात. तुमचा हिरो उन्हात यायचा, सावली पायाखाली दडलेली असताना. एवढ्या पुस्तकांत तुम्ही त्याचा चेहरा एकदाही सांगितला नाही. मी दहा वर्षांची होते, मला वाटायचं हा लेखक मेला असणार, नाहीतर पुण्यात राहत असणार.

मोठी झाल्यावर एकदा मामाला सहज विचारलं. मामा कुणाची तरी दाढी करत होता, वस्तरा थांबवून म्हणाला, "अगं ते तर इंदापूर स्टँडावरचे कंट्रोलर. जन्मभर गाड्या पुकारल्या त्यांनी. हायेत की अजून."

त्याच दुपारी मी इंदापूरला. तुमच्या दारात उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. पॉडकास्ट, सीझन, साउंड इफेक्ट, रील. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बस सुटतीय का तुझी?"

"नाही."

"मग बस जरा."

तुमच्या मंडळींनी, म्हणजे माईंनी, पाणी दिलं आणि विचारलं, पॉडकास्ट म्हंजे काय. मी समजावलं. माई म्हणाल्या, "म्हंजे रेडिओच की."

"बिनसावल्याला आता कोण वाचतंय?" तुम्ही म्हणालात.

"वाचणार नाहीत तात्या, ऐकतील."

"ऐकायचं काय सांगतीस. तीस वर्सं लोकं माझं ऐकत हुती. फलाट तीन म्हणलं की फलाट पाचवर जाऊन हुबी ऱ्हायची."

तो आवाज. त्या वाक्यातच मी ठरवलं की दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही. तुम्ही 'फलाट' म्हणालात तरी माणूस पिशवी उचलेल असा आवाज.

मग आपण त्याला नव्या काळात आणायला बसलो. मी वहीत लिहून आणलेलं: कोटाऐवजी हुडी, बाइक, ड्रोन, मोबाइल. तुम्ही हुडीला काही बोलला नाहीत, बाइकला 'बरं' म्हणालात, मोबाइलला अडलात.

"त्याला मोबाइल द्याचा न्हाय."

"तात्या, आता शेळ्या राखणाऱ्याकडं पण मोबाइल असतो."

"म्हणून तर. समद्यांकडं हाय, मग ह्येनं कुणाचा बी मागून घ्यावा. 'एक फोन लावू का' म्हणायचं आन् माणसाच्या तोंडाकडं बघायचं. खुनी मोबाइल देत न्हाय."

त्या एका वाक्यावर आपला दुसरा भाग उभा राहिला, 'मोरगावची चौथी शेळी'. पोरांनी कमेंटमध्ये लिहिलं की आता आम्ही स्टँडवर लोकांना फोन मागून बघतोय. मी तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात. तो खोकला पण आहे फोल्डरमध्ये. 'भाग २, खोकला, मोठा'.

भांडण आपलं पहिल्या भागावरच झालेलं. दोरीवर दोन वाकळा टाकून आपण स्टुडिओ केला होता, आणि तुम्ही वाचताना मध्येच थांबायचा. दोन सेकंद, कधी पाच. मग कागदाचा आवाज, मग पुढचं वाक्य. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, सगळी शांतता आपोआप कापून टाकतं. मी दाबलं. भाग चांगला दोन-अडीच मिनिटांनी आखडला, मला लई भारी वाटलं. तुम्हाला ऐकवला. तुम्ही चष्मा काढलात.

"खुनी कुठं लपायचा ह्यात? लपायला जागाच ठिवली न्हाईस."

मग तुम्ही मला ते सांगितलं, जे मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं. की या छोट्या पुस्तकांत खुन्याचं नाव कायम पान उलटल्यावर यायचं. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचकाला आणून सोडायचा आणि नाव पाठीमागं. त्यासाठी तुम्ही पुण्याला छापखान्यात कंपोझिटरला चिठ्ठ्या लिहायचा: हितं दोन ओळी वाढव, तितं एक पॅरा तोड, पण नाव पल्याड गेलं पायजे. एकदा नाव अलीकडंच राहिलं, तर तुम्ही रजा टाकून पुण्याला गेलात आणि उभं राहून पान बदलून घेतलंत.

"एवढं कशासाठी?"

"पान उलटताना वाचक सोता खुनी ठरवतो. तेवढा येळ पुस्तक त्येचं असतं. ती जागा त्येची हाय, आपली न्हाय. तू ती चोरलीस."

मी सगळी शांतता परत घातली. एकेक जागा शोधून, हातानं. पहाऱ्याला बसल्यासारखे तुम्ही शेजारी बसला होता. आणि लोकांना तीच आवडली, तात्या. एकानं लिहिलं, तो कागद वाजला की मी हातातलं काम थांबवून खुनी ठरवतो.

सहा भाग झाले. मग लोक विचारायला लागले, हा बिनसावल्या असं का करतो? ह्याचा भूतकाळ काय? पुण्याच्या एका ॲपवाल्या मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, आम्हाला मालिका घ्यायचीय, पण हिरोला बॅकस्टोरी पाहिजे, त्याशिवाय आजचा श्रोता जोडला जात नाही. मी दोन दिवसांत सातवा भाग लिहिला. बिनसावल्या लहान असताना कोऱ्हाळ्याच्या उसाच्या फडात, भर दुपारी बाराला, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या बापाला मारतात. म्हणून बारा. म्हणून काळा कोट, बापाचा. मी लिहिताना रडले होते. मला वाटलं तुम्ही पाठीवर थाप मारणार.

तुम्ही वाचून कागद मांडीवर ठेवलेत.

"ह्येच्या बापाला कशाला मारलंस?"

"कारण लागतं तात्या. तो चोर पकडत फिरतो, त्याला काहीतरी कारण पाहिजे ना."

"चोरी झाली, ह्ये कारण न्हाय व्हय?"

"तसं नाही. आतून पाहिजे. दुःख पाहिजे."

"म्हंजे ज्येचं बरं चाललंय त्येनं कुणाच्या मदतीला जायाचंच न्हाय. आधी बाप मरू द्याचा."

"आजच्या लोकांना पटत नाही तात्या, की कुणी उगाच चांगलं वागतं."

बाहेर माई कुणाला तरी हाळी देत होत्या.

"लोकांना, का तुला?"

मी माइक गुंडाळला, पिशवी उचलली. तुम्ही दारापर्यंत आलात. "मी ह्ये वाचणार न्हाय. दुसरं लिही, वाचतो. आन् घाई करू नको, गाड्या हायेत." मी मागं बघितलं नाही.

यापुढचं लिहिता येत नव्हतं म्हणून तीन आठवडे गेले.

माझ्याकडं तुमचे सहा भाग होते. खोकला काढलेले, स्वच्छ. असं सॉफ्टवेअर मिळतं ज्याला कुणाचा आवाज दिला की तो शिकतं, मग तुम्ही टाइप करा, तो बोलतो. मी तुमचा आवाज दिला आणि बापाचा खून टाइप केला. माझी बोटं पुढं पळाली. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळात ते तयार झालं, आणि हेडफोनमध्ये तुम्ही, अगदी तुम्ही, ते वाचलंत जे वाचणार नाही म्हणाला होता. न थांबता, न खोकता, न भांडता. मी भाग टाकला. शेवटी नेहमीसारखं लिहिलं, 'आवाज: तात्या'.

तो सगळ्यात जास्त चालला.

तुमचा फोन येईल म्हणून मी फोन टेबलावर पालथा ठेवायचे. वाजला की वाटायचं, आता 'जयभीम, कंट्रोलर बोलतोय'. आला नाही. मीही केला नाही. मग एका सकाळी फोन आला तो मामाचा. "कंट्रोलर गेले गं."

इंदापूरला आले तेव्हा अंगणात म्हातारे ड्रायव्हर-कंडक्टर जमलेले. तुम्ही कुणाला कधी चुकीचा फलाट सांगितलात त्याच्या गोष्टी एकमेकांना सांगत होते आणि डोळे पुसत होते. बुद्धवंदना झाली. मग लोक माझ्याकडं यायला लागले. तुमच्या गल्लीतली पोरं, स्टँडवरचा चहावाला, एक शिक्षक. सगळ्यांचं एकच. "सातवा भाग काय वाचलाय ओ त्यांनी. जाता जाता जीव ओतून गेले." मी मान हलवत राहिले. तुम्ही तिथं समोर, पांढऱ्या कपड्यात, आणि लोक तुमच्या अशा वाचनासाठी रडत होते जे तुम्ही केलंच नव्हतं. हे ठाऊक असलेली तिथं मी एकटीच आहे, असं मला वाटत होतं.

त्यानंतर तो आवाज माझ्यामागं लागला. सॉफ्टवेअर उघडं असायचं. रिकामी चौकट, त्यात लुकलुकणारी रेघ, वर लिहिलेलं 'मजकूर टाइप करा'. ऐकणारे लिहीत होते, तात्या गेले पण त्यांनी पुढचे भाग वाचून ठेवले असतील ना? मॅडमनी पण विचारलं. काय उत्तर द्यायचं मला माहीत होतं आणि काय करता येईल तेही माहीत होतं. एका दुपारी मी त्या चौकटीत टाइप केलं, 'पोरी, बस मिळाली का?' प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर तुम्ही फोन करून विचारायचा ते. बटण दाबलं.

तुम्ही विचारलंत.

इतकं खरं, की मी 'हो' म्हणाले. मोठ्यानं. काउंटरवर पत्रिका बघणाऱ्या बाई माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मी हेडफोन काढला, दुकानाच्या बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. बारा वाजून गेले असतील. पायाखाली बघितलं, माझी सावली होती थोडीशी. तरी बराच वेळ आत जायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून माईंकडं आले. सांगून टाकायचंच ठरवलेलं. माई अंगणात सूप घेऊन गहू निवडत होत्या. डोळ्यांनी दिसत नाही तर बोटांनी निवडतात, खडा लागला की बाजूला. मी समोर बसले.

"माई, सातवा भाग तात्यांनी ऐकला का?"

"ऐकला की. दोघांनी मिळून."

"मग?"

"मी म्हणलं, ह्ये तुमी न्हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पान कुठं उलटलं गं त्येनं? बाप मेला तरी गडी थांबला न्हाय. सरळ म्होरं." माईंनी एक खडा टाकला. "आमचं मानूस असं न्हवतं."

"तात्या काय म्हणाले?"

"आधी हासले. म्हणले, ह्येला माझ्यापरीस दम हाय, स्टँडावर असता तर बढती मिळाली असती."

"रागावले नाहीत?"

माईंची बोटं थांबली. "रागावले. त्या दिशी जेवले न्हाईत. म्हणले, इचारलं असतं तर मी न्हाय म्हणलो असतो, म्हणून इचारलंच न्हाय तिनं. ह्ये खुन्याचं डोकं हाय, माई. पोरगी रहस्यकथा लिव्हंल."

मी रडायला लागले. माईंनी मला रडू दिलं आणि गहू निवडत राहिल्या. मग आत गेल्या, चाचपत फळीवरनं एक कागद घेऊन आल्या. "ह्ये तुला द्याचं म्हणत हुते. दोनतीन दिस बसले हुते ह्येच्यावर."

एकच कागद, तुमचं ते बसच्या पाटीसारखं ठसठशीत अक्षर. सातवा भाग. तुमचा. फड माझाच होता, कोऱ्हाळ्याचा, बारा पण तेच. बाप नव्हता. बिनसावल्यानं विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरणाऱ्याला धरलंय, चोर उसाच्या पाचटात बसलाय आणि विचारतोय. शेवटच्या ओळी उतरवते:

'तुझा बाप मी मारला नाही,' चोर म्हणाला. 'तुझे घर फोडले नाही. ही मोटार तुझी नाही, विहीर तुझी नाही. मग तू का आलास?'

बिनसावल्याने कोटाची बाही सारखी केली. तो प्रथमच हसला. 'खरे सांगू?' तो म्हणाला. 'मी हे का करतो, त्याचे कारण'

तिथं कागद संपत होता. अगदी शेवटच्या ओळीला, उजव्या कोपऱ्यात.

मी पान उलटलं. मागं कोरं होतं.

"माई, ह्याच्या पुढचा कागद?"

"एवढाच हाय."

"पेन कुठं होता? टोपण लावलेलं होतं का त्याला?"

"उशापाशी हुता. टोपण..." माईंनी आठवून बघितलं. "मीच लावलं असंल बाई. का लावलेलंच हुतं. मला दिसतंय कुठं."

म्हणजे तुम्हाला लिहायचं होतं आणि वेळ मिळाला नाही, की तुम्ही पेन मिटून ठेवलात आणि ती बाजू माझ्यासाठी सोडलीत, हे मला कधीच कळणार नाही. मी तो कागद उन्हात धरून बघितला, मागं पेनाचं टोक टेकल्याची खूण आहे का. नाही.

सातवा भाग मी काढून टाकलाय. चॅनेलवर लिहिलं की तो आवाज तात्यांचा नव्हता, मी बनवलेला होता, त्यांनी वाचायला नाही म्हटलेलं. लोक चिडलेत. चिडू द्या. मॅडमना नकार कळवला. सॉफ्टवेअरमधला तुमचा आवाज पुसला. 'नक्की पुसायचा का? परत मिळणार नाही' असं विचारतं ते. काढलेलं काही फेकायचं नाही ही सवय असलेली मुलगी मी, बराच वेळ त्या प्रश्नाकडं बघत बसले. मग पुसला. 'कचरा' ठेवलाय. तो तुमचा आहे.

तुम्ही विचारलं होतं, लोकांना का तुला. मला, तात्या. मलाच पटत नव्हतं. आणि हे मी कुणासमोर बसून म्हणत होते, तर अशा माणसासमोर ज्यानं एका अनोळखी पोरीला पाणी दिलं, खोकत खोकत सहा भाग वाचून दिले, दर वेळी बस मिळाली का विचारलं. तुम्ही हे का करताय, असं मी एकदाही विचारलं नाही. त्या सहा भागांत मला कारणाची गरज लागली नव्हती.

आज सकाळी परत इंदापूरला आले. त्याच दोन वाकळा टाकल्या. तुमचा कागद मी माझ्या आवाजात वाचला. पहिल्यांदा वाचला तर माई म्हणाल्या, "पळतीयस." परत वाचला. "आजून पळतीयस." सातव्या का आठव्या वेळी काही बोलल्या नाहीत. 'मी हे का करतो, त्याचे कारण' एवढं म्हणून मी पान उलटलं, माइकजवळ, नीट ऐकू येईल असं.

आणि थांबले. किती थांबायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. स्टँडकडून हॉर्न आला, कुठलीतरी गाडी लागली असावी. माईंनी आवाज न करता सूप खाली ठेवलं. रेकॉर्डिंग चालू होतं. दोघी ऐकत बसलो.